शेवटच्या खांबाच्या पुढे

पावसाळा सुरू झाला की गडचिरोलीच्या बातम्यांमध्ये एक ओळ ठरलेली असते : पर्लकोटेला पूर, भामरागडचा संपर्क तुटला. वाचणारा ती वाचतो आणि पान उलटतो. त्याच्या लेखी 'संपर्क' म्हणजे रस्ता. पुलावरून पाणी गेलं, एसटी बंद झाली. पाणी ओसरलं की सुरू होईल. पलीकडे राहणाऱ्याला मात्र त्या शब्दाचा पुढचा अर्थ ठाऊक असतो. आधी रस्ता जातो, मग वीज जाते, मग टॉवरची बॅटरी उतरते आणि मोबाइलवरच्या रेंजच्या रेघा एकेक करून विझतात. टॉवरच्या जनरेटरला डिझेल आणणारी गाडी अलीकडच्या काठावर अडकलेली असते. दवाखान्याला हाक मारायची वेळ नेमकी त्याच रात्री येते, आणि हाक मारायचं साधनच गेलेलं असतं.

मला त्या साधनाबद्दल सांगायचं आहे. एक्स्चेंजपासून शेवटच्या घरापर्यंतचा जो तुकडा असतो, त्याबद्दल. अभियंत्यांच्या भाषेत तो 'ॲक्सेस नेटवर्क', लाईनमनच्या तोंडी नुसती 'लाईन'. मुंबई-पुण्यात हा तुकडा एखाद-दोन किलोमीटरचा असतो. सातपुड्यात, मेळघाटात, भामरागडात, कोकणातल्या वाड्यांवर तो दहा, वीस, तीस किलोमीटरचा होतो. मध्ये घाट, जंगल, नदी. आणि टोकाला ग्राहक किती, तर पाच-पंचवीस. खर्च किलोमीटरवर चढतो, वसुली मात्र घरटी होते. दुर्गम भागातल्या फोनची सगळी अडचण या गणितात आहे. ते सोडवायला गेल्या चाळीस वर्षांत देशाने एकामागून एक यंत्रं आणली. काही टिकली, काही गंजली. का टिकली आणि का गंजली, याचा शोध मी घेत आलो, त्याला कारण घरचं आहे.

माशाचा काटा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या घाटमाथ्यावरच्या गावात एकच फोन होता, ग्रामपंचायतीच्या खोलीत. छपरावर लोखंडी नळी, नळीच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा ॲन्टेना, खाली भिंतीला राखाडी पेटी आणि पेटीशेजारी बॅटरी. फोन आला त्या दिवशी गावात पेढे वाटले होते. पहिलं वर्ष बरं गेलं. मग आवाजात खरखर आली, मग कधी लागे कधी न लागे, आणि एका उन्हाळ्यात तो कायमचा मुका झाला. अर्ज गेले, तक्रारी झाल्या. माणूस यायचा, पेटी उघडून बघायचा आणि "बॅटरी उतरलीय, नवी आली की बसवू," म्हणून जायचा.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात माझी आत्या पुण्यात वारली. काका रात्रभर त्या नंबरवर फोन लावत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीच्या कंडक्टरने चिठ्ठी आणून दिली, तोवर तिकडे सगळं उरकलं होतं. आजीला लेकीचं तोंड बघायला मिळालं नाही. त्यानंतर ग्रामपंचायतीवरून जाताना आजी त्या खोलीकडे मान वळवत नसे.

पुष्कळ वर्षांनी मला त्या पेटीचं नाव कळलं : मल्टी ॲक्सेस रेडिओ रिले, म्हणजे एमएआरआर. तालुक्याच्या एक्स्चेंजवर एक रेडिओ केंद्र आणि भोवतालच्या गावांत असे माशाचे काटे. सर्रास वापरात असलेल्या प्रकारात दोन रेडिओ वाहिन्या पंधरा गावांत वाटलेल्या असत. दोन गावं बोलत असली की बाकीच्या तेरांनी थांबायचं. गावात वीज असेलच असं नाही, म्हणून प्रत्येक टोकाला बॅटरी आणि सौर पॅनल. कागदावर योजना चोख होती. खांब नकोत, तार नको, डोंगरावरून आवाज थेट. पण तिच्या प्रत्येक टोकाला जपावी लागणारी एक बॅटरी होती, आणि ती जपणारा माणूस वीस-तीस किलोमीटर दूर होता. देशभरात ही पेटी लाखांवर गावांत बसली आणि बहुतेक ठिकाणी तिचं आमच्या गावासारखंच झालं. पुढे सरकारला तिच्या जागी दुसरी यंत्रणा बसवण्यासाठी खास अनुदान द्यावं लागलं. बदलायच्या फोनांची संख्या सुमारे १ लाख ८५ हजार होती. आमच्या ग्रामपंचायतीच्या खोलीसारख्या तेवढ्या खोल्या.

तांब्याची वेस

मुळात तार का पोचत नव्हती, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मुंबईत १८८२ साली एक्स्चेंज सुरू झालं, तेव्हापासून शंभर वर्षं फोन म्हणजे तांब्याच्या दोन तारा. एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून त्या तारांवर वीज सोडलेली असते. ग्राहक फोन उचलतो, मंडल पूर्ण होतं, एक्स्चेंजला कळतं. गावातली लाईट गेली तरी जुना फोन चालायचा तो यामुळेच. त्याला लागणारी वीज तीच तार घेऊन येत असे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

तांबं चांगला वाहक असलं तरी फुकट वाहत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेला जाऊन-येऊन किलोमीटरमागे सुमारे १७५ ओहम रोध असतो. सहा-आठ किलोमीटरनंतर प्रवाह इतका क्षीण होतो की घंटा वाजत नाही, वाजली तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. अमेरिकेत मायकेल प्युपिन या शास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास त्यावर तोड काढली : तारेवर ठरावीक अंतराने वेटोळी बसवायची. आवाजाच्या कंपनांची वाटेतली घट ती कमी करतात. जगभर लांबच्या तारांवर पावणेदोन-दोन किलोमीटरवर अशी वेटोळी बसली. पण जी वेटोळी आवाज पुढे नेतात, ती वरच्या कंपनांना अडवतात. शंभर वर्षांनी त्याच तारेवरून ब्रॉडबँड न्यायची वेळ आली, तेव्हा ती शोधून शोधून काढावी लागली.

बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये 'डेटावन' सुरू केलं ते या तांब्यावरूनच. आवाज चार हजार हर्ट्झच्या आत मावतो. त्याच्या वरची जागा मोकळी असते, तिथून माहिती पाठवायची, ही एडीएसएलची युक्ती. एक्स्चेंजच्या शेजारच्या घराला वेग झकास. तीन किलोमीटरवर तो निम्म्याहून कमी, पाच किलोमीटरवर जेमतेम, त्यापुढे काही नाही. एक्स्चेंज तालुक्याच्या बाजारपेठेत होतं. म्हणजे बाजारपेठेला इंटरनेट मिळालं आणि शिवारातल्या वस्तीला मिळालं नाही. त्यात कोणाचा दुजाभाव नव्हता, तांब्याची वेसच तिथे संपत होती.

वेस ओलांडायचा एकच सरळ मार्ग आहे : ग्राहक एक्स्चेंजजवळ येत नसेल, तर एक्स्चेंजच ग्राहकाजवळ न्यायचं. सगळं नको, त्याचा एक तुकडा. गावाजवळ पेटी ठेवायची, पेटीपर्यंत एक जाड वाट आणायची आणि पेटीपासून पुढे छोट्या तारा. जिथे तीस ग्राहकांना तीस जोड्या लागल्या असत्या, तिथे २ मेगाबिटची एक डिजिटल वाट तीस जणांचं बोलणं एकदम नेते. रस्त्याकडेला राखाडी-हिरवी कपाटं दिसतात, त्यांतल्या पुष्कळांत हेच काम चालतं. दूरच्या ग्राहकासाठी जेवढी म्हणून यंत्रं आजवर निघाली, त्यांचं मूळ या युक्तीत आहे. फरक एवढाच, की ती जाड वाट कशाची : तांब्याची, रेडिओची, उपग्रहाची की काचेची.

कित्तूरची पेटी

१९८५ च्या सुमारास सर डोनाल्ड मेटलंड यांच्या अध्यक्षतेखालच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा अहवाल आला. त्याचं नावच 'हरवलेला दुवा' अशा अर्थाचं होतं. एकट्या टोकियोत जेवढे फोन आहेत तेवढे सगळ्या आफ्रिका खंडात नाहीत, हे त्याने जगापुढे मांडलं. भारताची स्थिती वेगळी नव्हती. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या पिढीतले वाचक हे जाणतात.

त्याआधी ऑगस्ट १९८४ मध्ये 'सी-डॉट' ही संस्था उभी राहिली होती. सॅम पित्रोदा हे नाव सर्वांना माहीत आहे, त्यांच्याबरोबर जी. बी. मीमांसी होते, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले डॉ. एम. व्ही. पिटके होते. ३६ कोटी रुपये आणि ३६ महिन्यांत देशी डिजिटल एक्स्चेंज, असा वायदा होता. आयात केलेल्या डिजिटल एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागत असे. आपल्याकडच्या गावात खोली मिळेल, वातानुकूलन कुठून आणणार? वीज दिवसातून किती तास, याची खात्री नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर. धूळ तर दाराआडूनही आत येते.

सी-डॉटच्या अभियंत्यांनी इथूनच सुरुवात केली. गाव जसं आहे तसं धरून त्यांनी यंत्र आखलं. १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज, घरातल्या कपाटाएवढं. उष्णता कमी निर्माण करणारं, पंख्याशिवाय, वातानुकूलनाशिवाय चालणारं. एखादी सर्किटपट्टी बिघडली तर ती काढून दुसरी सरकवायची, एवढंच जागेवरचं काम. जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला, राणी चन्नम्माच्या गावात, ते सुरू झालं. पुढच्या वर्षांत देशभरातल्या कारखान्यांनी त्याच आराखड्यावर ती पेटी बनवली आणि खेड्यांच्या बाजारपेठांत ती हजारोंनी बसली. पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ गावोगाव दिसू लागले, त्यांच्यामागे ही पेटी होती.

एमएआरआर आणि हे ग्रामीण एक्स्चेंज साधारण एकाच काळातले. एक मुकं झालं, एक चाललं. मला वाटतं, फरक तंत्राच्या श्रेष्ठतेत नव्हता. एका यंत्राने गृहीत धरलं होतं की कोणीतरी येऊन बॅटरी बदलेल. दुसऱ्याने गृहीत धरलं होतं की सहजासहजी कोणी येणार नाही.

भिंतीवरचा संच आणि आकाशातला दुवा

नव्वदच्या दशकात मद्रास आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवाला यांनी खर्चाच्या बाजूने या प्रश्नाला हात घातला. एक लाईन द्यायला तेव्हा तीस हजार रुपयांहून अधिक खर्च येत असे, आणि त्याचा मोठा वाटा जमिनीत पुरलेल्या तांब्याचा होता. तो दहा हजारांच्या आसपास आणला तर सामान्य कुटुंबाला परवडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून 'कॉर-डेक्ट' ही बिनतारी यंत्रणा आली. ग्राहकाच्या भिंतीवर एक संच, छपरावर छोटा ॲन्टेना, समोर मनोऱ्यावर केंद्र. दृष्टीची रेषा मोकळी असेल तर दहा किलोमीटर, मध्ये रिले ठेवला तर पंचवीस. मुख्य म्हणजे बोलणं चालू असतानाही ३५ किलोबिट वेगाने इंटरनेट चालायचं, बोलणं नसेल तर ७० किलोबिट. आज हा आकडा ऐकून कोणी थांबणार नाही. त्या वर्षांत तमिळनाडू आणि आंध्रातल्या खेड्यांत या वेगावर संगणक केंद्रं चालली, दाखले निघाले, मुलांनी पहिल्यांदा ईमेल पाठवला. नंतर स्वस्त मोबाइलची लाट आली आणि हे संच मागे पडले. पण आपल्या खेड्यासाठी इथेच बसून, इथल्या खिशाला परवडेल असं यंत्र घडवता येतं, हे सी-डॉटनंतर त्या प्रयोगशाळेने दुसऱ्यांदा दाखवून दिलं.

पैशाचा दुसरा मार्ग कायद्याने उघडला. १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी सुरू झाला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले ५ टक्के त्यात जमा होतात. शहरातला प्रत्येक फोन गावातल्या फोनसाठी थोडा हातभार लावतो, असं हे तत्त्व. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला 'डिजिटल भारत निधी' असं नाव दिलं. जुन्या एमएआरआर पेट्या बदलल्या त्या याच निधीतून. 'भारत निर्माण'मध्ये ६६,८२२ गावांना सार्वजनिक फोन द्यायचे होते, त्यांतल्या १४ हजारांवर गावांना उपग्रहाशिवाय मार्ग नव्हता.

उपग्रहाची गोष्ट वेगळी. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. डोंगर, नदी, जंगल त्याला आडवं येत नाही. पण प्रकाशालाही तेवढं अंतर चढून उतरायला पाव सेकंद लागतो, उत्तर यायला आणखी पाव. उपग्रह फोनवर बोलणारे म्हणूनच एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकतात. पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणारे नवे उपग्रह हा विलंब जवळजवळ संपवतात. पुरात रस्ता, खांब आणि केबल तिन्ही गेल्यावर आकाशातला दुवा उरतो, म्हणून नदीकाठच्या दुर्गम आरोग्य केंद्रांना तो हवाच. रोजच्या वापरासाठी मात्र एका गावाची शाळा, दवाखाना, रेशन दुकान आणि घरं, सगळं त्यावर टाकणं महाग पडतं.

काचेची तार

रोजच्या वापरासाठी आज उत्तर एकच आहे : ऑप्टिकल फायबर. सव्वाशे मायक्रॉन जाडीची काचेची तार, तिच्या पोटात नऊ मायक्रॉनची वाट, त्या वाटेतून प्रकाश. तांब्यात सिग्नल पाच किलोमीटरवर दमतो. काचेत वीस किलोमीटर सहज जातो.

गावापर्यंत ही काच नेण्याची यंत्रणा जीपॉन नावाची. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये एक मुख्य यंत्र, त्याला ओएलटी म्हणतात. त्यातून एक फायबर निघतो. वाटेत एक छोटी डबी, स्प्लिटर, त्या प्रकाशाचे १६ किंवा ३२ भाग करते आणि प्रत्येक भाग एकेका टोकाकडे जातो. टोकाला छोटं यंत्र, ओएनटी. खाली येणारा वेग अडीच गिगाबिट, वर जाणारा सव्वा गिगाबिट, आणि तो सगळ्या टोकांत वाटला जातो. या रचनेतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्प्लिटरला वीज लागत नाही. जंगलातल्या वाटेवर बॅटरी नाही, पंखा नाही, चोरून नेण्यासारखं काही नाही. नुसती काच. प्रकाशाचा हिशेब मात्र काटेकोर ठेवावा लागतो. सर्वसाधारण यंत्राला २८ डेसिबलपर्यंतची घट चालते. ३२ भाग केले की त्यातले सतराएक तिथेच जातात. वीस किलोमीटर काचेत सात. उरले चार, एवढ्यात सगळे जोड बसवायचे. एक जोड कच्चा राहिला, एक वळण आवळलं गेलं, की शेवटच्या गावाचा प्रकाश जातो.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायचं ठरवलं. तेव्हा नाव होतं राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क, पुढे 'भारतनेट' झालं. मुदत दोन वर्षांची होती. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्यानेच 'महानेट' या नावाने अंगावर घेतलं. आज देशात दोन लाखांवर ग्रामपंचायतींपर्यंत काच पोचली आहे. जगात इतकं मोठं ग्रामीण जाळं फारसं कुठे विणलं गेलेलं नाही, आणि त्याचा अभिमान वाटावा असंच ते आहे.

पण पोचली म्हणजे चालू आहे, असं नाही. याचं कारण मी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं.

एक जोड

सह्याद्रीतला एक तालुका, पावसाळ्याच्या तोंडावरची दुपार. पाण्याच्या पाइपलाइनसाठी जेसीबीने चर खणला होता आणि चराच्या भिंतीतून काळी केबल फाटून बाहेर लोंबत होती. फायबर साडेपाच फूट खोल, म्हणजे १६५ सेंटिमीटरवर पुरावा असा नियम आहे. इथे कातळ लागला होता, म्हणून ती दोन फुटांवरच होती. दोन तरुण जीपच्या मागच्या फळीवर छत्री बांधून बसले होते. सकाळपासून ते जागा शोधत होते. तालुक्याहून यंत्राने प्रकाशाचा ठोका सोडून, तो कुठून परत फिरतो ते पाहून अंतर काढलं होतं. पण केबलचे मीटर आणि रस्त्याचे मीटर जुळत नाहीत. प्रत्येक जोडापाशी केबलचं वेटोळं सैल ठेवलेलं असतं, ते धरून हिशेब करावा लागतो.

एकाने केबल सोलली. आतून रंगीत तंतू निघाले : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. निळ्याला निळा लावायचा, हिरव्याला हिरवा. तंतूवरचं आवरण काढलं, स्पिरिटच्या बोळ्याने काच पुसली, टोक छाटलं. पावसाचा एक थेंब पडला तर सगळं पुन्हा. दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवली. छोट्या पडद्यावर ती दोन टोकं मोठी होऊन समोरासमोर आली, सरळ रेषेत सरकली, थांबली. बारीक ठिणगी झाली. पडद्यावर आकडा उमटला : ०.०२ डेसिबल. त्याने त्यावर नळी चढवली, तापवली आणि पुढचा तंतू घेतला.

"दादा, रोज असे किती?" मी विचारलं.

"जोडायला काय, दहा मिनिटं," तो मान वर न करता म्हणाला. "शोधायला दिवस जातो. आणि उद्या हेच जेसीबी पुढे जाणार."

काम झाल्यावर त्याने ग्रामपंचायतीत फोन लावला. तिथल्या संगणक चालवणाऱ्या मुलीला म्हणाला, "ताई, लाल गेला का बघ." पलीकडून उत्तर आलं तसं त्याने जोडीदाराकडे बघून मान हलवली. हिरवा आला होता. अठरा दिवसांनी.

अठरा दिवस त्या गावात सातबारा निघाला नव्हता. उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज, निराधार योजनेचं काम, सगळं तालुक्याला जाऊन करावं लागत होतं. जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोणत्याही अहवालात धरली जात नाही.

यात दोन दोष दिसतात. पहिला : मूळ रचनेत तालुक्याहून गावाकडे एकच धागा जातो. तो कुठेही तुटला की पुढची सगळी गावं अंधारात. दुसरा तांब्याच्या वेळी सांगितला तो : काच प्रकाश नेते, वीज नेत नाही. ग्रामपंचायतीची लाईट गेली, बिल थकून जोडणी तोडली, बॅटरी निकामी झाली, की काच शाबूत असूनही यंत्र बंद. म्हणजे माझ्या गावातल्या राखाडी पेटीचा प्रश्न तीस वर्षांनी पांढऱ्या पेटीत जसाच्या तसा आला.

सरकारला हे कळलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटसाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये ठेवले आहेत. त्यात धागा एकेरी न ठेवता वर्तुळाकार करायचा आहे, म्हणजे एका बाजूने तुटला तरी दुसऱ्या बाजूने प्रकाश येईल. आणि दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी करारातच घातली आहे. माझ्या मते या योजनेतली सर्वांत मोलाची तरतूद ही दुसरी आहे. मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲपही आलं. खणणाऱ्याने आधी कळवायचं, म्हणजे जमिनीखाली कोणाची काय मालमत्ता आहे ते त्याला सांगितलं जाईल.

ग्रामपंचायतीपासून घरापर्यंत

ग्रामपंचायतीत हिरवा दिवा आला, तरी वाडी अजून तीन किलोमीटर दूर असते. त्या तीन किलोमीटरसाठी पालघर जिल्ह्यात मुंबई आयआयटीने एक सुरेख काम केलं. प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मोजून दाखवलं, की दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या यूएचएफ पट्ट्यातल्या १५ पैकी किमान १२ वाहिन्या देशात जवळजवळ सर्वत्र रिकाम्या पडून आहेत. या कंपनसंख्यांचा गुण असा, की त्या झाडीतून आणि घरांच्या भिंतींतून बऱ्यापैकी पार होतात. खामलोली आणि आसपासच्या गावांत त्यांनी या मोकळ्या वाहिन्यांवरून इंटरनेट पोचवून दाखवलं. मेळघाटातल्या हरिसाललाही अशाच मोकळ्या वाहिन्यांचा आधार घेण्यात आला. परवाना मात्र प्रयोगापुरताच होता. रिकामा पडलेला पट्टा दुर्गम गावांसाठी खुला करावा, ही मागणी अजून उभी आहे.

दुसऱ्या बाजूने मोबाइल येतो आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांत फोर-जी पोचवायची योजना मंजूर केली. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या आकांक्षी जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांसाठी मंजुरी झाली होती. बीएसएनएलच्या या नव्या जाळ्याचा गाभा सी-डॉटने बनवलेला आहे, रेडिओ तेजस नेटवर्क्सचा आणि जुळणी टीसीएसची. कित्तूरला पेटी बसवणारी संस्था अजून त्याच कामात आहे, हे मला फार आश्वासक वाटतं. पण टॉवरलाही मागून जाड वाट लागतेच. जिथे टॉवरपर्यंत काच गेली नाही, तिथे रेंजच्या पाच रेघा दिसतात आणि पान उघडत नाही. २०२० च्या टाळेबंदीत कोकणातली आणि सातपुड्यातली मुलं अभ्यासासाठी डोंगर चढून बसत होती. रेशनचं यंत्र अंगठा घेत नाही म्हणून दुकानदार आजही काही वस्त्यांवर ते उचलून टेकडीवर नेतात आणि मागून म्हाताऱ्या माणसांची रांग टेकडी चढते.

मोजायचं काय

इतकी यंत्रं पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. दूरच्या माणसापर्यंत आवाज नेण्याचं तंत्र आपल्याकडे चाळीस वर्षं आहे आणि ते उत्तरोत्तर चांगलं होत गेलं. कमी पडत आलं ते जपणं. एमएआरआर बसवताना किती गावं झाली ते मोजलं. किती दिवस चालली ते कोणी मोजलं नाही. भारतनेटमध्येही किती ग्रामपंचायती जोडल्या, किती किलोमीटर काच पुरली, हे आकडे पुढे असतात. महिन्यातले किती तास दिवा हिरवा होता, हा आकडा गावाच्या फलकावर लागला पाहिजे. पाण्याच्या टाकीवर जशी क्षमता लिहितात, तसा.

त्यासाठी फार काही लागत नाही. दर चार-पाच गावांमागे जोड करता येणारा एक प्रशिक्षित तरुण, त्याच परिसरातला. त्याच्या हाती स्प्लायसिंग मशीन. ग्रामपंचायतीच्या पेटीला चालू स्थितीतली बॅटरी. आणि चर खणण्याआधी एक फोन. भामरागडला पूर आल्यावर गडचिरोलीहून माणूस येऊ शकत नाही. भामरागडमध्येच तो असला पाहिजे.

वाचकहो, दिवाळीला गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत एक चक्कर टाका. भिंतीवर एक छोटी पांढरी पेटी असेल. तिच्यावर 'पॉन' लिहिलेला दिवा हिरवा असेल, तर काच शाबूत आहे. 'लॉस' लिहिलेला लाल दिवा पेटला असेल, तर कुठेतरी ती तुटली आहे. एकही दिवा नसेल, तर पेटीला वीज नाही. जे दिसेल ते लिहून घ्या आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा : हा दिवा किती दिवसांपासून असा आहे, तक्रार कोणत्या तारखेला केली, आणि जोडायला कोण येणार आहे? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. आमच्या गावात त्या काळी हे कोणी विचारलं नव्हतं.